वीस गुणांचा पोलीस पाटील

गुरुकुंज मोझरी अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा तालुक्यात येतं. या तालुक्यात काय किंवा महाराष्ट्रातल्या दुसऱ्या कुठल्याही तालुक्यात काय, गावाला पोलीस पाटील नेमायचा झाला की शंभर गुणांची शर्यत लागते. लेखी परीक्षेचे ८० आणि तोंडी परीक्षेचे २०. उमेदवार दहावी पास हवा, वय २५ ते ४५ च्या दरम्यान हवं आणि तो त्याच गावचा रहिवासी हवा. नेमणूक उपविभागीय अधिकारी करतात. मानधन बरीच वर्षं तुटपुंजं होतं, २०२४ मध्ये ते साडेसहा हजारांवरून पंधरा हजारांवर गेलं. गावातच राहून, शेती सांभाळून महिन्याला एवढे मिळणार असतील तर या पदासाठी चुरस असणारच.

पाटीलकी एकेकाळी घराण्यात चालायची. वतनं गेली, १९६७ चा ग्रामपोलीस कायदा आला आणि पाटलाच्या पोटी जन्म घेणं ही पात्रता उरली नाही. तिच्या जागी परीक्षा आली. लेखी परीक्षेची उत्तरपत्रिका असते, उत्तरतालिका असते, हरकत घेता येते. तोंडी परीक्षेत काय झालं हे मात्र खोलीतल्या चार-पाच माणसांनाच ठाऊक. म्हणून निकाल लागला की पानठेल्यावर एकच वाक्य ऐकू येतं: "पेपरात त तोच समोर होता, तोंडीत पाडला त्याले." असे कितीतरी वाद महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणापर्यंत गेले आहेत.

हे बोलणं हरलेल्याचा जळफळाट म्हणून उडवून लावणं सोपं आहे. त्याआधी थोडं गणित करू.

शंभरातले वीस म्हणजे पाचवा हिस्सा, असं आपण धरून चालतो. समजा, एका गावातून तीन उमेदवार तोंडी परीक्षेपर्यंत पोचले. लेखीत त्यांना ६१, ५९ आणि ५८ गुण आहेत. शेवटपर्यंत टिकलेल्या उमेदवारांचे लेखी गुण असे दाटीवाटीनेच असतात, कारण चाळणीतून एका आकाराचेच दाणे खाली येतात. आता तोंडी परीक्षेत समितीने त्यांना अनुक्रमे ७, ११ आणि १६ गुण दिले. बेरीज ६८, ७० आणि ७४. यादी पार उलटी झाली. लेखीतला फरक तीन गुणांचा होता आणि तोंडीतला नऊ गुणांचा. म्हणजे कागदावर ८० गुणांची असलेली परीक्षा प्रत्यक्षात जवळजवळ निकामी ठरली आणि २० गुणांच्या परीक्षेने पोलीस पाटील नेमला. एखाद्या परीक्षेचं वजन तिच्या कमाल गुणांवर ठरत नाही, तिच्यात उमेदवारांमध्ये किती अंतर पडतं यावर ठरतं. लेखीत पेपर काढणाऱ्याच्या हाती हे अंतर नसतं. तोंडीत ते समितीच्या पेनाच्या टोकावर असतं.

सर्वोच्च न्यायालयाला हे चांगलं ठाऊक आहे. नोव्हेंबर १९८० मध्ये न्या. पी. एन. भगवती यांनी अजय हसिया प्रकरणाचा निकाल दिला. खटला श्रीनगरच्या रीजनल इंजिनिअरिंग कॉलेजातल्या प्रवेशाचा होता, नोकरीचा नव्हता, पण प्रश्न हाच होता. तिथे लेखी परीक्षा १०० गुणांची आणि मुलाखत ५० गुणांची होती. एकेका मुलाची मुलाखत सरासरी दोन-तीन मिनिटं चालली, आणि तेवढ्या वेळात विचारलं काय, तर वडील काय करतात आणि राहता कुठे. न्यायालयाने सांगितलं की मुलाखतीला एकूण गुणांच्या तिसऱ्या हिश्शाइतकं वजन देणं मनमानी आहे आणि अशा प्रवेशांत १५ टक्क्यांहून जास्त वजन देऊ नये. शिवाय मुलाखतीचं ध्वनिमुद्रण करावं, म्हणजे पुढे कोणी आक्षेप घेतला तर टेप वाजवून बघता येईल, असंही सुचवलं. चाळीसहून अधिक वर्षांपूर्वीची ही सूचना आहे असं म्हणताना आज हसू येतं, कारण तेव्हा त्यासाठी टेपरेकॉर्डर विकत आणावा लागला असता. आज खोलीतल्या प्रत्येकाच्या खिशात तो आहे.

१९८५ मध्ये अशोककुमार यादव विरुद्ध हरियाणा या खटल्यात न्यायालय पुन्हा याच प्रश्नापाशी आलं. हरियाणात मुलाखतीला ९०० पैकी २०० गुण होते आणि शंभर-सव्वाशे जागांसाठी तेराशेहून अधिक उमेदवार बोलावले होते. न्यायालयाने मुलाखतीचं वजन १२.२ टक्क्यांवर आणावं असं सांगितलं. जागांच्या दुप्पट, फार तर तिप्पट उमेदवार बोलवावेत, असंही सांगितलं. यामागचं शहाणपण वरच्या गणितात आहे. जितके जास्त उमेदवार बोलवाल तितका लेखीत मागे पडलेल्याला तोंडीत वर खेचायला वाव. नंतरच्या निकालांत न्यायालयाने टक्केवारीचा एकच ठोकताळा सगळीकडे लावला नाही. अनुभवी, प्रौढ उमेदवारांच्या भरतीत मुलाखतीला जास्त वजन चालू शकतं, हेही मान्य केलं. त्यामुळे पोलीस पाटलाचे वीस टक्के बेकायदा ठरत नाहीत. पण नेमका धोका कुठे आहे ते न्यायालयाने बोट ठेवून दाखवलेलं आहे.

या धोक्याचं सगळ्यात बोचरं उदाहरण आपल्या सर्वांत मानाच्या परीक्षेतलं आहे. आयएएसच्या १९५० च्या परीक्षेत एन. कृष्णन पहिले आले. त्यांना लेखीत ६०२ गुण होते आणि मुलाखतीत ३०० पैकी २६०. अनुसूचित जातीतून आयएएस झालेले पहिले अधिकारी अच्युतानंद दास त्याच वर्षीचे. त्यांना लेखीत ६०९ गुण होते, म्हणजे पहिल्या आलेल्यापेक्षा जास्त. मुलाखतीत मिळाले ११०. ते यादीच्या तळाला गेले. दीडशे गुणांची ही दरी टेबलाच्या पलीकडून बोलण्यात पडली. तेव्हा मुलाखतीत किमान गुण मिळवण्याचीही अट होती, म्हणजे लेखीत कितीही मिळवा, मंडळाच्या मनात भरला नाहीत तर बाद. ही अट १९५७ मध्ये गेली. आज केंद्रीय लोकसेवा आयोगाकडे लेखीचे १७५० गुण आणि मुलाखतीचे २७५ आहेत. राज्यसेवेत वर्षानुवर्षं ८०० आणि १०० असा हिशेब होता, आता तिथेही १७५० आणि २७५ हाच साचा आला आहे. मुलाखतीचा वाटा दोन्हीकडे साडेतेरा टक्क्यांच्या आसपास बसतो.

हे झालं न्यायाचं. आता दुसरा प्रश्न, ज्याकडे आपल्याकडे फारसं कोणी बघत नाही: समजा समिती प्रामाणिक आहे, कोणाची चिठ्ठी नाही, कोणाचा फोन नाही. तरी मुलाखतीतून चांगला माणूस सापडतो का?

टेक्सास विद्यापीठाच्या ह्यूस्टनमधल्या वैद्यकीय महाविद्यालयात १९७९ मध्ये या प्रश्नावर एक प्रयोग होऊन गेला, कोणी ठरवलेला नसताना. महाविद्यालयाने आठशे विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेऊन त्यांना पहिल्यापासून आठशेव्यापर्यंत क्रम दिला आणि पहिल्या साडेतीनशेतून दीडशे जण घेतले. एवढ्यात राज्याच्या विधिमंडळाने आणखी ५० जागा भरायला लावल्या. तोवर वरच्या क्रमांकाची मुलं इतर महाविद्यालयांत गेली होती. उरली होती सातशे ते आठशे क्रमांकांतली, म्हणजे मुलाखत घेणाऱ्यांच्या मते अगदी टाकाऊ. त्यांतून ५० घेतली. पुढे दोन्ही गटांची तुलना झाली. परीक्षांतले गुण, रुग्णांबरोबरचं काम, पदवी मिळवणाऱ्यांचं प्रमाण, कशातच फरक दिसला नाही. मुलाखतीतला पहिला आणि सातशेवा, वॉर्डात गेल्यावर सारखेच निघाले.

मानसशास्त्रज्ञ निवडपद्धतीचा कस एका आकड्याने मोजतात. निवडताना दिलेले गुण आणि पुढे कामावर दिसलेली कामगिरी यांचा मेळ किती. अजिबात मेळ नसेल तर शून्य, तंतोतंत असेल तर एक. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये अनेक दशकांच्या अभ्यासांचा नव्याने हिशेब मांडला. त्यात मोकळ्याढाकळ्या मुलाखतीचा आकडा आला ०.१९. "स्वतःबद्दल सांगा" पासून सुरू होऊन गप्पा जिकडे नेतील तिकडे जाणारी मुलाखत म्हणजे ही. आपल्याकडच्या बहुतेक मुलाखती याच जातीच्या. नुसत्या अनुभवाच्या वर्षांचा आकडा तर ०.०७ निघाला. "पंधरा वर्षांचा अनुभव आहे" या वाक्यापुढे मान डोलावणाऱ्यांनी हा आकडा जरूर लक्षात ठेवावा. आणि तक्त्यात सगळ्यात वर कोण होतं? मुलाखतच. पण वेगळ्या जातीची. प्रश्न आधी लिहून ठेवलेले, सगळ्यांना तेच, प्रत्येक उत्तराला ठरलेल्या मोजपट्टीने गुण. तिचा आकडा ०.४२. एकच खोली, तीच माणसं, फक्त शिस्त आणली तर मेळ दुपटीहून जास्त.

मग मोकळ्या गप्पांवरचा आपला विश्वास डळमळत का नाही? जेसन डेना आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये छापलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेतल्या आणि समोरच्याला पुढच्या सत्रात किती गुण पडतील याचा अंदाज बांधला. काही मुलाखतींत उत्तरं देणाऱ्याला गुपचूप सांगितलं होतं की हो-नाहीच्या प्रश्नांची उत्तरं प्रश्नाशी संबंध न ठेवता एका ठरावीक युक्तीने वाटेल तशी द्यायची. विचारणाऱ्यांना पत्ता लागला नाही. त्या निरर्थक उत्तरांतूनही त्यांनी समोरच्याचं एक व्यक्तिमत्त्व रचलं आणि आपल्याला माणूस कळला असं त्यांना वाटलं. मुलाखत न घेता केवळ मागचे गुण बघून केलेले अंदाज मात्र जास्त बरोबर आले. मुलाखतीने माहिती वाढवली नाही, आत्मविश्वास वाढवला.

शिवाय चूक कळायची सोय नाही. मुलाखत घेणाऱ्याला निवडलेला माणूस रोज दिसतो. नाकारलेला कुठे जाऊन काय करतो हे त्याला कधीच दिसत नाही. वीस वर्षं मुलाखती घेतलेला गृहस्थ "माणूस दारातून आत आला की मला कळतं" असं म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याला खोटं पाडणारा पुरावाच त्याच्यासमोर कधी आलेला नसतो.

दारातून आत येताना माणूस आपलं आडनाव घेऊन येतो. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात हे अमरावती जिल्ह्यातल्या महिमापूरचे, पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झालेले. त्यांनी पॉल ॲटवेल यांच्याबरोबर २००५ पासून वर्षभराहून अधिक काळ एक अभ्यास केला. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी एकसारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावं वेगळी. काही नावं सवर्ण, काही दलित, काही मुस्लिम. २००७ मध्ये छापलेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार पुढच्या फेरीचं बोलावणं येण्याची संधी दलित नावाला सवर्ण नावाच्या सुमारे दोन तृतीयांश होती, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. हे चाळणीच्या पहिल्याच पायरीवर, माणूस समोर येण्याआधी. त्याच सुमारास अश्विनी देशपांडे आणि कॅथरिन न्यूमन यांनी दिल्लीच्या विद्यापीठांतून बाहेर पडणाऱ्या दलित आणि इतर विद्यार्थ्यांच्या नोकरीच्या शोधाचा मागोवा घेतला. मुलाखतीत "घरी कोण काय करतं?" हा प्रश्न वारंवार येत होता. ज्याचे वडील वकील आहेत त्याला हा प्रश्न पाण्याच्या पेल्याइतका साधा. ज्याची आई दुसऱ्याच्या वावरात निंदायला जाते त्याला तो परीक्षेचा सगळ्यात कठीण प्रश्न. श्रीनगरच्या त्या दोन मिनिटांतही हेच विचारलं होतं.

वऱ्हाडी माणसाच्या वाट्याला आणखी एक गोष्ट येते. मोझरीच्या अभ्यासिकेत बसणारा मुलगा घरी "मले वाटते" म्हणतो. शिकल्यावर "मला वाटते" म्हणू लागतो. पुण्या-मुंबईच्या समितीपुढे त्याला "मला वाटतं" म्हणायचं असतं. "मी तयारी करून राहिलो" असं तोंडातून गेलं की समोर एखादं हसू उमटतं, कधी प्रेमळही असतं, पण त्यापुढची दहा मिनिटं मुलाचं अर्धं लक्ष क्रियापदांवर राहतं. नायब तहसीलदाराला तिवसा-चांदूरच्या शेतकऱ्याशी बोलायचं असेल तर ही बोली त्याची जमेची बाजू धरायला हवी. मोकळ्या मुलाखतीत ती उणी धरली जाते, आणि गुणपत्रिकेत त्याचं नाव पडतं "व्यक्तिमत्त्व". मग ज्याला परवडतं तो शहरात जाऊन अभिरूप मुलाखतींचा क्लास लावतो. उत्तर कसं सुरू करायचं, हात कुठे ठेवायचे, छंद कोणते सांगायचे, हे सगळं विकत मिळतं. यात क्लासवाल्यांना दोष देण्यात अर्थ नाही. परीक्षा ज्याची होते त्याचीच शिकवणी निघते.

आतापर्यंत समिती प्रामाणिक धरली. पण वऱ्हाडात कुणालाही मुलाखत म्हटलं की आधी आठवते खासगी अनुदानित शाळा, आणि शाळेपाठोपाठ आठवते ती "देणगी". जाहिरात निघण्याआधी माणूस ठरलेला, बाकीचे नुसते हजेरी लावायला आलेले, चहा-पोहे खाऊन संध्याकाळच्या एसटीने परत. पगार सरकार देणार, माणूस संस्था निवडणार, आणि निवडीचा कागद म्हणजे मुलाखतीचा एक तक्ता. या व्यवस्थेला अवकळा आली नसती तरच नवल. इथे मुलाखत चुकीचा माणूस निवडते अशी तक्रार करून भागत नाही. इथे ती निवड करतच नाही, आधी झालेल्या निवडीवर शिक्का मारते.

यावर राज्याने २०१७ मध्ये पवित्र पोर्टल काढलं आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात शिक्षकांची अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी घेतली, २०० गुणांची. जिल्हा परिषदांची भरती थेट या गुणांवर होऊ लागली. खासगी संस्थांना दोन वाटा ठेवल्या, मुलाखतीशिवाय किंवा मुलाखतीसह. मुलाखतीसह भरायचं असेल तर सुरुवातीला एका जागेसाठी दहा उमेदवार पाठवले जात. पुढे हे प्रमाण एकास तीनवर आणलं, म्हणजे हरियाणाच्या खटल्यात न्यायालयाने सांगितलेली तिप्पट इथे बऱ्याच उशिरा पोचली. संस्थेने मुलाखत आणि अध्यापन कौशल्य मिळून ३० गुण द्यायचे.

संस्थाचालकांचंही एक म्हणणं आहे, आणि ते अगदीच पोकळ नाही. शाळा आम्ही उभी केली, मुलं आमच्या गावची, मग शिक्षक बघून घ्यायचा अधिकार आम्हाला नको? संगणकावर बहुपर्यायी प्रश्न सोडवणारा पाचवीच्या वर्गापुढे उभा राहू शकतो का, हे चाचणी सांगत नाही. खरं आहे. आणि त्याचं उत्तर त्या ३० गुणांतल्याच "अध्यापन कौशल्य" या शब्दांत आहे. तीनही उमेदवारांना तोच पाठ द्या, त्याच वर्गातल्या मुलांपुढे वीस मिनिटं शिकवायला लावा, फळ्यावर काय लिहिलं, मागच्या बाकावरच्या मुलाला विचारलं का, चुकीच्या उत्तराचं काय केलं, एवढं बघून गुण द्या. गप्पांच्या मुलाखतीपेक्षा हे कितीतरी बरं, आणि जी संस्था मनापासून शिक्षक शोधते आहे तिला यात काहीच अवघड नाही. महाविद्यालयांची स्थिती याहून नाजूक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी सहायक प्राध्यापकाच्या पदवी, संशोधन, नेट या सगळ्याचा उपयोग फक्त मुलाखतीला बोलावण्यापुरता ठेवला आणि अंतिम निवड केवळ मुलाखतीवर सोडली. तासिका तत्त्वावर दहा-दहा वर्षं शिकवणाऱ्या पीएच.डी. झालेल्या माणसांना या एका कलमाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

मग मुलाखत मुळातूनच काढून टाकावी का? केंद्र सरकारने खालच्या पदांसाठी तेच केलं. १५ ऑगस्ट २०१५ च्या भाषणात पंतप्रधानांनी घोषणा केली आणि १ जानेवारी २०१६ पासून अराजपत्रित गट ब, तसंच क आणि ड गटांतल्या मुलाखती बंद झाल्या. महाराष्ट्र या वाटेने लवकर गेला. शिपाई किंवा लिपिकाच्या भरतीत मुलाखतीच्या नावाने होणारी वसुली थांबवायला यापेक्षा सरळ उपाय नव्हता, आणि तो योग्यच होता. पण लेखी परीक्षा आली म्हणजे गंगेत घोडं न्हालं असं नाही. २०२३ च्या तलाठी भरतीत काही उमेदवारांना २०० पैकी २०० च्या वर गुण पडले, एकाला तर २१४. कारण परीक्षा अनेक सत्रांत झाली आणि सत्रांची काठिण्यपातळी जुळवायला गुणांचं सामान्यीकरण केलं. सूत्र शास्त्रशुद्ध असेलही, पण दोनशेतले दोनशे चौदा हे गावातल्या माणसाला कसं पटवणार? शिक्षक पात्रता परीक्षेत तर २०२१ मध्ये घोटाळाच उघड झाला आणि ७,८८० उमेदवारांवर कारवाई झाली. लेखीचा फायदा एवढाच की चोरी झाली तर कागदावर खूण राहते, म्हणून ती पकडता येते. ७,८८० हा आकडा मोजता आला तो त्यामुळेच. मुलाखतीतल्या अन्यायाचा असा आकडा कोणी कधी काढू शकलेलं नाही.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये मोझरीला आश्रम काढला. तिथल्या गुरुदेव सेवा मंडळाच्या कामात माणूस पारखायची एक वेगळीच रीत दिसते. महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवाला लाखो लोक येतात. पंगती, पाणी, स्वच्छता, गाड्यांची व्यवस्था हे सगळं गावोगावच्या शाखांचे लोक सांभाळतात. कोणाच्या हाती भांडार सोपवावं आणि कोणाला नुसतं व्यासपीठाजवळ उभं करावं, हे तिथे कोणी मुलाखत घेऊन ठरवत नाही. मागच्या वर्षी कोणी काय केलं ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. महाराजांच्या ग्रामगीतेच्या ४१ अध्यायांत बोलण्यापेक्षा कामाला मान आहे, हे वाचणाऱ्याला वेगळं सांगायला नको. ह्यूस्टनच्या डॉक्टरांना आठशे मुलाखतींत जे दिसलं नाही ते वॉर्डातल्या कामातून दिसलं, तसंच हे. पण सरकारी नेमणुकीला ही रीत जशीच्या तशी लावता येत नाही. ओळखीतून माणूस पारखायचा तर ज्याची ओळख नाही तो कायमचा बाहेर. सेवा मंडळात कोणीही उद्यापासून झाडू हातात घेऊ शकतो. पोलीस पाटलाच्या जागेवर आधी महिनाभर काम करून दाखवायची सोय नाही.

त्यामुळे कामाचा तुकडा खोलीत आणावा लागतो. सैन्यात हे ऐंशी वर्षांपासून चालू आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांना कळून चुकलं की घराणं आणि शाळा बघून निवडलेले अधिकारी पुरत नाहीत, टिकतही नाहीत. तेव्हा निवडमंडळं निघाली, १९४३ मध्ये ती भारतात आली. आजही एसएसबी या निवडमंडळात उमेदवार पाच दिवस राहतो. मुलाखत घेणारा अधिकारी, मानसशास्त्रज्ञ आणि मैदानावर गटाची कामं करून घेणारा अधिकारी असे तिघे त्याला वेगवेगळं जोखतात आणि शेवटीच एकत्र बसतात. दोरखंड आणि फळ्या देऊन आठ जणांना एक अडथळा पार करायला लावला की कोण नुसता ओरडतो आणि कोण फळी धरतो ते दिसतं.

एवढं सगळं प्रत्येक तालुक्याला झेपणार नाही. पण मानसशास्त्रज्ञ डॅनिएल काहनेमन यांनी १९५५ मध्ये, वयाच्या विशीत, इस्रायली सैन्यासाठी जे केलं ते झेपण्यासारखं आहे. तिथे मुलाखत घेणारे वीस मिनिटं गप्पा मारून भरती झालेल्या जवानाबद्दल मत बनवत आणि ते मत बहुतेक वेळा निरुपयोगी ठरे. काहनेमन यांनी सहा गुणविशेष ठरवले, प्रत्येकासाठी आधीच्या आयुष्यातल्या घडलेल्या गोष्टींबद्दलचे प्रश्न लिहून दिले आणि एक गुणविशेष संपवून त्याचा आकडा टाकल्याशिवाय दुसऱ्याकडे जायचं नाही असा नियम केला. मुलाखत घेणारे चिडले, तुम्ही आम्हाला यंत्रमानव करताय म्हणाले. मग त्यांच्या समाधानासाठी शेवटी एक रकाना वाढवला: डोळे मिटा, हा सैनिक म्हणून कसा असेल ते मनाशी आणा आणि आकडा लिहा. नव्या पद्धतीचे अंदाज जुन्यापेक्षा बरेच सरस ठरले. गंमत म्हणजे शेवटचा डोळे मिटून दिलेला आकडाही उपयोगी निघाला. अंतःप्रेरणा खोटी नसते. तिला आधी माहिती खायला घालावी लागते.

पोलीस पाटलाच्या वीस गुणांचं असंच काहीसं करता येईल. पाच प्रश्न, प्रत्येकी चार गुण, प्रश्न त्या कामातूनच काढलेले, उदाहरणार्थ असे. विहिरीत प्रेत सापडलं तर पहिल्या अर्ध्या तासात काय कराल, क्रमाने सांगा. तुमच्याच भावकीतल्या माणसाकडे गावठी दारू आहे अशी बातमी आली, काय कराल? धुऱ्यावरून दोन घरांत काठ्या निघाल्या आहेत आणि पोलीस ठाणं दूर आहे. मिरवणुकीच्या वाटेवरून गेल्या वर्षी वाद झाला होता, यंदा आठ दिवस आधी कोणाकोणाला भेटाल? चांगलं, मध्यम आणि वाईट उत्तर कोणतं हे आधी लिहून ठेवा. प्रश्न फुटतील ही भीती असेल तर प्रत्येक गावासाठी सकाळी वेगळा संच काढा. वऱ्हाडीत उत्तर दिलं तरी गुण तेवढेच मिळतील, कारण मोजपट्टीत विहीर आहे, व्याकरण नाही.

निवड समितीवर बसण्याची पाळी आपल्यापैकी बऱ्याच जणांवर येते. शाळा समितीत, पतसंस्थेत, बँकेत, सोसायटीचा वॉचमन ठेवतानाही. त्या दिवशी तीन गोष्टी करा. पहिला उमेदवार आत यायच्या आधी प्रश्न कागदावर लिहून सगळ्या सदस्यांच्या सह्या घ्या. वडील, गाव आणि लग्न यांबद्दल काही विचारू नका. आणि उमेदवार बाहेर गेला की कोणी तोंड उघडायच्या आत प्रत्येकाने आपापला आकडा लिहून कागद पालथा घाला, चर्चा त्यानंतर. अध्यक्षसाहेब "पोरगा बरा वाटला" म्हणून मोकळे झाल्यावर बाकीच्यांच्या आकड्यांना काही किंमत राहत नाही.